जखम मातीत झाली असेल, तर आम्हाला जरूर सांगा

‘मला डायबेटिस नाही, तब्येत ठणठणीत आहे, मग जखमेत बुरशी कशी होईल?’ तपासणीसाठी नमुना घेऊन आमच्या लॅबमध्ये येणारे हे हमखास विचारतात. शंका रास्त आहे. कोविडच्या काळात म्युकरमायकोसिस, म्हणजे म्युकर गटातल्या बुरशीचा आजार, हे नाव कानावर पडलं, तेही बहुतेक मधुमेहाच्या रुग्णांमुळे. पण बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यात, लाकडात असतेच. अपघातात ती कातडीखाली खोलवर ढकलली गेली, की धडधाकट माणसातही मूळ धरते. मे 2011 मध्ये अमेरिकेतल्या जॉप्लिन शहरात टोर्नेडो आला. त्यानंतर जखमींपैकी 13 जणांच्या जखमांत म्युकर गटातली बुरशी सापडली आणि 5 जण दगावले. त्या तेरांपैकी दोघांनाच मधुमेह होता.

या गटातली बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते आणि रक्तपुरवठाच तोडते. म्हणून जखमेच्या कडा काळ्या पडतात. डॉक्टरांनी मेलेला भाग काढून टाकला, तरी दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग सोडल्यावर पुन्हा काळं दिसतं. कधी जखमेवर कापसासारखी पांढरी लव येते. असं दिसलं तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. अँटिबायोटिक जीवाणूंवर चालतात, बुरशीवर नाही. इथे मेलेला भाग पुन्हा पुन्हा काढावा लागतो आणि सोबत अँफोटेरिसिनसारखं बुरशीविरोधी औषध लागतं.

सगळ्याच बुरशी इतक्या घाईच्या नसतात. काटा रुतल्यावर काही आठवड्यांनी तिथे गाठ आली आणि मग हातावर वरच्या दिशेने ओळीने गाठी उठत गेल्या, तर स्पोरोथ्रिक्स या बुरशीचा संशय घ्यावा. हा आजार गोळ्यांनी बरा होतो, पण गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात.

आता नमुन्याबद्दल, कारण खरी गफलत इथेच होते. वरवर फिरवलेल्या स्वॅबमध्ये बुरशी अनेकदा सापडतच नाही. जखमेच्या कडेचा मांसाचा तुकडा लागतो, आणि तो दोन बाटल्यांत हवा: एक सलाईनमध्ये कल्चरसाठी, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून पाहण्यासाठी, दुसरा फॉर्मेलिनमध्ये बायोप्सीसाठी. सगळाच तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला तर बुरशी मरते आणि कल्चरला काही उरत नाही. तुमच्या डॉक्टरांना हे आधीच सांगून ठेवा. सलाईनची बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, लगेच आणून द्या.

आम्ही तो तुकडा वाटत नाही, बारीक कापतो. म्युकरचे तंतू नाजूक असतात, वाटले की फुटून मरतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की ते रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटलेले दिसतात. हे त्याच दिवशी कळतं आणि आम्ही डॉक्टरांना लगेच फोन करतो. कल्चरमध्ये म्युकर दोन-तीन दिवसांत वाढतो, स्पोरोथ्रिक्सला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. कल्चरच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवून ठेवू नका.

फॉर्मवर ‘जखम कशी झाली’ अशी एक ओळ आहे. ती कोरी सोडू नका. माती, शेण, काटा, लाकडाची ढलपी, साचलेलं पाणी, जे काही लागलं असेल ते लिहा. त्यावरूनच आम्ही बुरशीसाठी वेगळी तपासणी लावतो.