पोस्टगेट, ऑलिव्हर

(१२ एप्रिल १९२५ – ८ डिसेंबर २००८). ब्रिटिश बालसाहित्यिक, दूरचित्रवाणी-लेखक, ॲनिमेशनकार व निवेदक. जन्म लंडनजवळील हेंडन येथे. वडील रेमंड पोस्टगेट लेखक व पत्रकार. आजोबा जॉर्ज लॅन्सबरी मजूर पक्षाचे नेते. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जाण्यास नकार दिल्यामुळे ऑलिव्हर यांना तीन महिन्यांची कैद झाली. नंतर त्यांनी शेतावर काम केले व युद्ध संपल्यावर जर्मनीत रेडक्रॉसची सेवा केली.

१९५७ मध्ये ते असोसिएटेड-रिडिफ्यूजन या दूरचित्रवाणी कंपनीत रंगमंच व्यवस्थापक झाले. तेथील मुलांचे कार्यक्रम त्यांना फार सुमार वाटत, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. पहिल्या मालिकेतील उंदीर पुठ्ठ्याचे होते. टेबलाखालून लोहचुंबकाने ते सरकवायचे आणि ४५ अंशांत लावलेल्या आरशातून कॅमेऱ्याने टिपायचे, अशी योजना होती. चित्रकार पीटर फर्मिन (१९२८–२०१८) यांची साथ येथेच मिळाली. पुढची कथा कर्णबधिर मुलांसाठी, पूर्णपणे मूक होती. तिची पार्श्वचित्रे काढणाऱ्या चिनी चित्रकाराने आपल्या परंपरेप्रमाणे ती तिरप्या कोनातून रंगवली. सपाट कापलेली पात्रे त्यांवर ठेवल्यावर प्रत्येकाचा एक पाय आखूड असल्यासारखा दिसू लागला. तरीही चित्रपट चालला आणि त्या बळावर दोघांनी ‘स्मॉलफिल्म्स’ ही संस्था काढली.

संस्थेचा स्टुडिओ म्हणजे कँटरबरीजवळ ब्लीन येथे, फर्मिन यांच्या घरालगतचा जुना गोठा. लेखन, कॅमेरा, पात्रांची हलवाहलव आणि निवेदन पोस्टगेट यांच्याकडे. चित्रे व बाहुल्या फर्मिन यांच्याकडे. १६ मिमी. कॅमेरा घरी बनवलेल्या खटक्याने एकेक चौकट पुढे सरके. या पद्धतीने दिवसाला सुमारे दोन मिनिटांची फिल्म तयार होई. मोठ्या स्टुडिओच्या साधारण दहापट. या वेगाचे श्रेय लेखनालाही द्यायला हवे. पात्रे थोडी, जागा एकच आणि कथेचा बराचसा भार निवेदकाच्या आवाजावर. त्यामुळे चित्राने फार धावपळ न करताही गोष्ट पुढे जाते. ‘आयव्हर द एंजिन’ (१९५९) या वेल्समधील रेल्वे इंजिनाच्या मालिकेत वाफेचा फसफसाटसुद्धा पोस्टगेट तोंडानेच काढत.

‘द क्लँगर्स’ (१९६९) मध्ये एका लहानशा ग्रहावर राहणारे गुलाबी लोकरी प्राणी शिट्टीच्या भाषेत बोलतात. अंगे फर्मिन यांच्या पत्नी जोन यांनी विणली; आत मेकॅनो या जोडणीच्या धातूच्या खेळण्यातील तुकड्यांचा सांगाडा होता. संवाद मात्र आधी पूर्ण इंग्रजीत लिहिलेले असत आणि त्यांच्या बोलीतले चढउतार सरकत्या दांड्याच्या शिट्टीवर वाजवले जात. म्हणूनच शब्द न कळताही कोण रागावले, कोण विनवते आहे, ते मुलांना नेमके उमगते. नुसते आवाज जुळवले असते, तर हे साधले नसते. बासून या फुंकवाद्याचे वादक व्हर्नन इलियट यांच्या संगीताने त्यात हळवेपणा आला.

‘बॅगपुस’ (१९७४) ही जुन्या कापडी मांजराची मालिका अवघ्या १३ भागांची. मांजर मुळात नारिंगी व्हायचे होते. कापड रंगवताना चूक झाली आणि ते गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचे झाले. प्रत्येक भागात एमिली ही मुलगी हरवलेली किंवा मोडकी वस्तू आणते, मांजर जागे होते, तपकिरी चित्र रंगीत होते, वस्तूवर चर्चा व गाणी होतात, उंदीर ती दुरुस्त करतात आणि मालकाला दिसावी म्हणून ती खिडकीत ठेवली जाते. सुरुवात दर वेळी तीच असल्याने श्रम वाचतात; शिवाय पुढे काय होणार हे ठाऊक असल्याचा आनंद मुलांना मिळतो. १९९९ मध्ये बीबीसीच्या प्रेक्षक-कौलात हीच मालिका मुलांच्या कार्यक्रमांत पहिली आली.

१९८० नंतर पोस्टगेट यांनी अण्वस्त्रविरोधी पुस्तिका लिहिल्या. १९८७ मध्ये केंट विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. ‘सीइंग थिंग्ज’ हे आत्मचरित्र २००० मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये ‘द क्लँगर्स’ नव्याने सुरू झाली. तिच्या लेखनात त्यांचे पुत्र डॅनियल यांचा वाटा होता.