आबांचा घसा आणि सक्शनचा पाईप

वैशाखात अमळनेरला आमचं सगळं घर गच्चीवर झोपतं. दिवसभर ४४-४५ अंशांत तापलेल्या भिंती रात्री अकरापर्यंत आत टिकू देत नाहीत. गच्चीवर पाणी मारायचं, ओळीने गाद्या टाकायच्या. अशा झोपण्यात कुणाचं घोरणं लपत नाही, आणि माझ्या मोठ्या काकांचं, आबांचं, तर आजूबाजूच्या गच्च्यांनाही पाठ होतं. ते मधेच थांबलं की मोठी माय, म्हणजे आबांची बायको, म्हणायची, "आते लागनी त्यास्ले गाढ झोप." आम्ही सगळेच तसं समजत होतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मला झोप येईना, म्हणून मी त्यांच्याकडे बघत बसलो. घोरणं थांबलं, पण छाती आणि पोट हलायचं थांबलं नव्हतं. आतून जोरात ओढ बसत होती. नाकाशी तळहात धरला, तर वाराच नाही. मी मोबाईलमध्ये सेकंद मोजू लागलो. वीस, पंचवीस, तीस... छत्तिसाव्या सेकंदाला अंगाला झटका बसला, घशातून मोठा आवाज निघाला आणि घोरणं पुन्हा सुरू. आबा जागे झालेच नाहीत. निदान सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडला की ती एक घटना धरतात. श्वास पुरता बंद न होता बराच कमी झाला, तर तेही मोजतात. तासाला अशा ५ पेक्षा कमी घटना असतील तर काळजी नाही. १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. तासाला ३० म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशेच्या वर वेळा श्वास अडणं.

असं का होतं, हे विहिरीवर मोटर बसवलेल्या माणसाला चटकन समजेल. मोटरीच्या ओढीच्या बाजूला आपण कडक सक्शन पाईप लावतो, कारण तिथे मऊ पाईप लावला तर ओढीने तो आतल्या आत चपटा होतो. डिलिव्हरीला, म्हणजे पाणी बाहेर ढकलण्याच्या बाजूला, मात्र गुंडाळता येणारा मऊ पाईपही चालतो. पाण्याच्या दाबाने तो फुगलेलाच राहतो. आपण श्वास घेतो तेव्हा छाती मोटरीसारखी हवा ओढते. खाली श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत, ती चपटी होत नाही. पण तिच्या वरचा घशाचा भाग मऊ आहे. तो मऊच हवा, कारण त्यानेच आपण घास गिळतो आणि बोलतो. म्हणजे ओढीच्या बाजूला मऊ पाईप! जागेपणी स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, उताणं झोपलं की जीभही मागे सरकते. मानेत चरबी असेल, जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील, रात्री दारू घेतली असेल, तर वाट आणखी अरुंद. अर्धवट चपट्या पाईपातून जाणाऱ्या हवेची थरथर म्हणजे घोरणं. पूर्ण चपटा झाला की शांतता. त्या शांततेला आपण गाढ झोप म्हणत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, क्षणभर झोप मोडते, घसा उघडतो, आणि त्या झटक्यात रक्तदाब उसळतो. रात्री दाबाने खाली यायचं, ते राहूनच जातं. आबांना रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू होत्या तरी आकडा हलत नव्हता. रात्री चारदा लघवीला उठायचे, ते आम्ही वयावर ढकललं. बंद घशाविरुद्ध छाती ओढते तेव्हा हृदयाचे कप्पे ताणले जातात. शरीरात पाणी जास्त झालंय असा हृदयाचा समज होतो आणि ते मूत्रपिंडांना पाणी काढून टाका असा निरोप देणारं संप्रेरक सोडतं. सकाळचं डोकेदुखणं, दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या पेंगणं, हे सगळं त्याच झाडाच्या फांद्या.

धुळ्याच्या डॉक्टरांनी आबांना सोडून आधी मोठ्या मायला विचारलं, "यांच्या शेजारी कोण झोपतं?" मग एक रात्र छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा आणि नाकाशी नळी लावून घरीच तपासणी झाली. तासाला ४१ घटना निघाल्या.

उपचार पुन्हा पाईपाशीच येतो. १९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट काढणं. त्या वर्षी सिडनीत डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी वेगळा विचार केला: नाकातून थोड्या दाबाने हवा सोडली, तर मऊ घसा फुगलेलाच राहील. म्हणजे सक्शनची बाजू डिलिव्हरीची करून टाकायची. १९८१ मध्ये त्यांनी पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. हेच सीपॅप मशीन. दाब किती? पाण्याच्या ४ ते २० सेंटीमीटर उंचीचा, तांब्याभर पाण्याच्या तळाशी असतो तेवढा. मशीनमुळे आजार मुळातून जात नाही, पण ते लावलेल्या रात्री घसा मिटत नाही.

पहिला आठवडा आबांनी मास्क काढून फेकला. मिश्यांमुळे हवा गळायची. नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क आणल्यावर जमलं. हवा ओलसर राहावी म्हणून मशीनला पाण्याची छोटी टाकी असते. आमच्या बोअरचं पाणी त्या टाकीत घातलं की क्षार बसतो, म्हणून डिस्टिल्ड पाणी. लाईट जाते, म्हणून इन्व्हर्टर. मशीनची किंमत पाच आकडी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

प्रत्येकाला मशीनच लागतं असंही नाही. सौम्य आजारात कुशीवर झोपणं, रात्रीची दारू सोडणं, जबडा पुढे धरणारं दातांचं साधन यांनी भागू शकतं. वजन उतरवल्याने पुष्कळांचा आकडा खाली येतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्थूल रुग्णांच्या या आजारासाठी टिर्झेपाटाइड या इंजेक्शनलाही मान्यता मिळाली. लहान मुलांत बहुतेक वेळा टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइड गाठी काढल्या की प्रश्न सुटतो. मात्र झोप येत नाही म्हणून स्वतःहून झोपेची गोळी घेऊ नका, काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो. आणि बाई बारीक आहे, घोरत नाही, नुसती थकलेली असते, म्हणून तिला वगळू नका. पाळी गेल्यावर बायकांतही हा आजार वाढतो.

माझा चुलतभाऊ रावेरहून दिल्लीला केळीचा ट्रक नेतो. मान जाड, गळ्याचा घेर ४३ सेंटीमीटर. महिन्यातले वीस दिवस तो रस्त्यावर असतो, त्यामुळे वहिनीला काही कळायला मार्ग नव्हता. मागच्या आठवड्यात क्लीनरने केबिनमध्ये काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ तिने मला पाठवला. त्यात तीन वेळा श्वास अडलाय. शनिवारी त्याची तपासणी आहे, तोवर रात्रीची गाडी दुसरा ड्रायव्हर नेतोय.