वाय-फाय कॉलिंग आणि व्हॉट्सॲप कॉल: दोन्ही नेटवरूनच, मग फरक कसला?

राजापूर तालुक्यातलं आमचं घर जांभ्या दगडाचं आहे. भिंती जाड, वर कौलं, मागे लगेच डोंगर. मोबाइलची रेंज अंगणात तुळशीपाशी एक काडी आणि घरात शून्य. दोन वर्षांपूर्वी गावातल्या केबलवाल्याने फायबर आणलं, माजघरात राउटर लागला आणि आईचे व्हॉट्सॲप कॉल खणखणीत लागू लागले. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता प्रश्न मिटला.

मग एका दुपारी बाबांची साखर एकदम खाली गेली. आईने दवाखान्यात फोन लावायला घेतला. दवाखान्याचा नंबर लँडलाइनचा, तो व्हॉट्सॲपवर कुठून असणार? ती तुळशीपाशी उभी राहून पुन्हा पुन्हा डायल करत होती आणि घरात चांगलं चालू असलेलं वाय-फाय तिच्या काही कामाचं नव्हतं. शेवटी शेजारचा मुलगा दुचाकीवरून डॉक्टरांना घेऊन आला. बाबा सावरले. त्याच रात्री मी पुण्याहून आईला एकेक पायरी सांगत तिच्या फोनमधलं एक बटण चालू करून घेतलं: वाय-फाय कॉलिंग. तिने विचारलं, "अरे, वायफायवरून तर मी रोजच बोलते तुझ्याशी. हे आणखी वेगळं काय?"

हा प्रश्न मी तेव्हापासून किती जणांच्या तोंडून ऐकला असेन. दोन्हींत वाय-फाय आहे, दोन्हींत कॉल आहे, त्यामुळे गोंधळ होणारच.

आधी दोन्हींत सारखं काय आहे ते पाहू. तुम्ही बोलता तेव्हा फोन तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे करतो. साधारण २० मिलिसेकंदांचा एक तुकडा, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. प्रत्येक तुकडा आकड्यांत बदलून, वर पत्ता लिहून नेटवर सोडला जातो आणि पलीकडे ते ओळीने जोडून पुन्हा आवाज तयार होतो. इथपर्यंत व्हॉट्सॲप कॉल आणि वाय-फाय कॉलिंग सख्खी भावंडं आहेत. राउटरमधून बाहेर पडल्यावर हे तुकडे कोणाकडे जातात, तिथे वाटा फुटतात.

व्हॉट्सॲप कॉलचे तुकडे व्हॉट्सॲपच्या यंत्रणेमार्फत समोरच्या माणसाच्या व्हॉट्सॲपकडे जातात. तुमच्या सिमकार्डाच्या कंपनीचा यात काही संबंध नसतो. तुमचा नंबर इथे फक्त ओळख पटवण्यापुरता असतो. म्हणूनच रिचार्ज संपलेल्या फोनवरही घरच्या वाय-फायवर व्हॉट्सॲप चालू राहतं. आणि म्हणूनच समोरच्याकडे तेच ॲप आणि चालू नेट, दोन्ही असावं लागतं.

वाय-फाय कॉलिंगमध्ये फोन तुमच्या ब्रॉडबँडमधून एक बंदिस्त बोगदा काढतो आणि तो थेट तुमच्या सिमच्या कंपनीच्या दारात नेतो. तिथे सिमकार्ड आपली ओळख देतं, अगदी टॉवरला देतं तशीच. ओळख पटली की कंपनीच्या लेखी तुम्ही नेटवर्कमध्ये आहात. पुढचा सगळा प्रवास नेहमीच्या फोनचा. समोर लँडलाइन असो, बटणांचा साधा फोन असो, बँकेचं 'मराठीसाठी दोन दाबा' असो, फोन लागतो. समोरच्याला नेट लागत नाही. तुम्ही वाय-फायवरून बोलताय हे त्याला कळतही नाही, कारण त्याच्या पडद्यावर तुमचा नेहमीचाच नंबर दिसतो. तुमचं ब्रॉडबँड वेगळ्या कंपनीचं असलं तरी सहसा अडत नाही.

आईला मी कोकणातल्या भाषेत सांगितलं. वाय-फाय कॉलिंग म्हणजे आपलंच घर, फक्त पुढच्या दाराने रेंज आत येत नाही म्हणून मागीलदाराने घेतली. व्हॉट्सॲप म्हणजे दुसरं घर. तिथे जे राहायला गेलेत, त्यांचीच तिथे गाठ पडणार. तिला हे लगेच पटलं.

एवढं कळलं की बाकीचे फरक आपोआप उलगडतात. त्यातला पहिला पैशांचा, आणि तिथेच माणसं सगळ्यात जास्त फसतात.

आमच्या पुण्याच्या सोसायटीत एक काका आहेत. मुलगी न्यू जर्सीत. त्यांनी कुठेतरी वाचलं की वाय-फाय कॉलिंगला जादा पैसे पडत नाहीत, आणि ते खरंही आहे. त्यांनी बटण चालू केलं आणि मुलीचा अमेरिकेतला नंबर डायलरवरून लावून रोज रात्री निवांत बोलू लागले. महिन्याअखेरीला पोस्टपेडचं बिल हातात आलं तेव्हा त्यांना धक्का बसला. चूक कोणाचीच नव्हती, वाक्य अर्धवट पोचलं होतं. वाय-फाय कॉलिंगच्या सोयीला वेगळे पैसे नाहीत, पण कॉल मात्र तुमच्या प्लॅनमधलाच कॉल धरला जातो. भारतातले कॉल प्लॅनमध्ये अमर्याद असतील तर तेही अमर्याद. परदेशी नंबर लावला तर आयएसडीचा दर. आवाज घरातल्या राउटरमधून गेला म्हणून कॉल परदेशी राहायचा थांबत नाही. मुलीशी बोलायला व्हॉट्सॲपच बरं, तिथे खर्च फक्त डेटाचा.

डेटाही फार लागत नाही. दोन्हींत मिनिटाला एमबीच्या आगेमागे. तासभर गप्पा मारल्या तरी घरच्या फायबरला त्याची जाणीव होत नाही. व्हिडिओ चालू केलात की मात्र हिशेब बदलतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून संदेश जातात, पण व्हॉट्सॲप कॉलवर तिथे निर्बंध आहेत. दुबईत नोकरीला गेलेली आपली मुलं म्हणूनच घरच्यांना बॉटिमसारखं तिथे परवानगी असलेलं ॲप घ्यायला सांगतात. आणि भारतातलं सिम परदेशातल्या वाय-फायवर कसं चालेल, त्याला दर काय लागेल, हे कंपनीगणिक आणि प्लॅनगणिक वेगळं आहे. विमानात बसण्याआधी कंपनीला विचारून घ्यावं, तिथे पोचून प्रयोग करू नयेत.

हे दोन प्रकार आपल्याकडे आले तेही वेगवेगळ्या वाटांनी. भारतात इंटरनेटवरून फोन करायला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, पण ती अर्धीच होती. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर बोला, परदेशातला फोन लावा, पण इथल्या इथे नेटवरून साध्या फोनवर कॉल करायचा नाही. सायबर कॅफेत हेडफोन लावून अमेरिकेतल्या भावाशी बोलणारी माणसं ज्यांना आठवतात, त्यांनी हाच काळ पाहिला आहे. पुढे २०१५ मध्ये व्हॉट्सॲपने आवाजी कॉल आणले. त्याच्या थोडंच आधी, डिसेंबर २०१४ मध्ये, एअरटेलने अशा कॉलच्या डेटाला वेगळा दर लावायचं जाहीर केलं होतं. लोकांनी एवढा विरोध केला की तो बेत मागे घ्यावा लागला, आणि नेट सगळ्यांना सारखं असावं की नाही, ही चर्चा घरोघर पोचली. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ८ फेब्रुवारी २०१६ ला डेटाच्या भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. आज व्हॉट्सॲप कॉलचा डेटा वेगळ्या भावाने मोजला जात नाही, त्यामागे त्या भांडणाचा मोठा हात आहे.

फोन कंपन्यांच्या बाजूने दार उघडलं ते २०१७-१८ मध्ये. ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रायने इंटरनेटवरून साध्या फोनवर कॉल करू देण्याच्या शिफारशी केल्या आणि जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांच्या अटींत तसे बदल केले. मग डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने आणि जानेवारी २०२० मध्ये जिओने वाय-फाय कॉलिंग सुरू केलं. म्हणजे व्हॉट्सॲप कॉल अंगवळणी पडून चार-पाच वर्षं झाल्यावर हे बटण आपल्या फोनमध्ये आलं. तोवर 'नेटवरचा फोन म्हणजे व्हॉट्सॲप' हे डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि अजून बसलेलं आहे.

आवाजाचं म्हणाल तर दोन्हींचा आवाज छान असतो, बिघडतो मात्र वेगळ्या कारणांनी. व्हॉट्सॲपला दोन्ही टोकांचं नेट धड लागतं. तुमचं फायबर कितीही चांगलं असलं तरी समोरचा एसटीत बसून घाटातून येत असेल तर आवाज तुटणारच. वाय-फाय कॉलिंगमध्ये नेटची जबाबदारी फक्त तुमच्या टोकाची. घराबाहेर पडलात की चालू कॉल न तुटता टॉवरवर जातो, पण त्यासाठी फोनमध्ये व्होल्टे, म्हणजे फोर-जीवरूनच बोलण्याची सोय, चालू हवं आणि बाहेर फोर-जीची रेंज हवी. काही घरांत मात्र अर्धवट रेंज असते, एक काडी येते आणि जाते. तिथे फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारतो आणि आवाज कापला जातो. अशा वेळी सेटिंगमध्ये 'वाय-फायला प्राधान्य' निवडावं. सगळ्या फोनमध्ये हा पर्याय नसतो, पण असेल तर फरक लगेच कळतो.

आणि वेग जास्त म्हणजे आवाज चांगला, हा समज सोडा. आवाजाला फार वेग लागतच नाही. त्याला तुकडे वेळेवर पोचायला हवेत. एका बाजूने दुसरीकडे आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर होऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. त्यापलीकडे उशीर वाढत गेला की दोघं एकदम बोलू लागतात, मग दोघं एकदम थांबतात. घरात कोणी लग्नाचे फोटो चढवत बसलं असेल तर शंभर एमबीपीएसच्या प्लॅनवरही हे होऊ शकतं.

ऑफिसात वेगळीच अडचण. व्हॉट्सॲप कॉल चालतो आणि वाय-फाय कॉलिंगचं चिन्ह येतच नाही, अशी तक्रार मी बऱ्याचदा ऐकली आहे. तो जो बोगदा सांगितला, तो यूडीपी या पद्धतीच्या ५०० आणि ४५०० या दोन पोर्टवरून, म्हणजे नेटच्या दोन ठरलेल्या दारांतून, जातो. ऑफिसच्या नेटवरच्या पहारेकऱ्याने, म्हणजे फायरवॉलने, ती बंद ठेवली असतील तर फोन कंपनीपर्यंत पोचूच शकत नाही. तळघरातल्या दवाखान्यांनी, लॅबवाल्यांनी, बेसमेंटमधल्या दुकानदारांनी आपल्या नेटवाल्याला हे दोन आकडे जरूर सांगावेत. पेशंट जुन्याच नंबरवर फोन करतो, त्याला तुमचं व्हॉट्सॲप शोधायला लावू नये.

गुप्ततेत व्हॉट्सॲपचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. २०१६ पासून त्याचे कॉल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद असतात. वाय-फाय कॉलिंगचं कुलूप कंपनीच्या दारापर्यंतच. तिथून पुढे तो साधा फोन, आणि कायद्याने साध्या फोनला जे लागू होतं ते त्याला लागू. पण ओळखीच्या बाबतीत उलटं आहे. व्हॉट्सॲपवर पोलिसाचा गणवेश घालून, मागे ठाण्याचा देखावा उभा करून 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने कितीतरी ज्येष्ठांना तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसवून लुटलं गेलं. असा कुठलाही अटकेचा प्रकार कायद्यात नाही. घरातल्या मोठ्यांच्या व्हॉट्सॲपमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय चालू करून द्या, आणि १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर डायलरमध्ये साठवून ठेवा. त्यावर साधाच फोन करायचा असतो.

११२ या आणीबाणीच्या नंबरचंही तेच. व्हॉट्सॲपवरून आणीबाणीचा फोन करता येत नाही, तसं ते स्वतःच सांगतं. ज्या घरात रेंज नाही आणि म्हातारी माणसं एकटी राहतात, तिथे फक्त व्हॉट्सॲपवर विसंबणं मला बरोबर वाटत नाही. वाय-फाय कॉलिंग चालू असलेल्या फोनवर मदतीचा माणूस उलटा फोन करू शकतो, ॲम्ब्युलन्सवाला रस्ता विचारू शकतो. बहुतेक ठिकाणी बँकेचा ओटीपीही याच वाटेने घरात येतो. फक्त फोन लागल्यावर पहिल्यांदा गावाचं नाव, वाडीचं नाव आणि जवळची खूण तोंडाने सांगायची. टॉवर मध्ये नसल्यामुळे तुम्ही कुठे आहात याचा अंदाज पलीकडच्याला टॉवरवरून येत नाही.

वीज गेली की मात्र दोन्ही एकदमच बंद पडतात. जुन्या तांब्याच्या तारेच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळायची, त्यामुळे रात्रभर लाइट नसली तरी डायल टोन असायचा. फायबरचा राउटर घरच्या विजेवर चालतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट चार-चार तास जाते, म्हणून मी राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावला. फायबरची पेटी वेगळी असेल तर तिलाही तो लागतो, हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बटण असतं कुठे? अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या नेटवर्क किंवा सिमच्या भागात, आयफोनमध्ये मोबाइल सर्व्हिसच्या भागात. दोन सिम असतील तर प्रत्येकासाठी वेगळं चालू करावं लागतं. काही जुन्या फोनमध्ये ते नसतंच. चालू झालं की नाही हे पाहायची माझी रीत सोपी आहे: फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, त्यावर पुन्हा फक्त वाय-फाय चालू करायचं, मिनिटभर थांबायचं आणि एखादा लँडलाइन लावायचा. आईने त्या रात्री हेच केलं. नंबर दवाखान्याचा होता. घंटा वाजली, डॉक्टरांनी उचलला, आणि ती माजघरातूनच म्हणाली, "काही नाही हो, लागतो का ते बघत होते."