पार्श्वभूमी : 'अनाथ' म्हणजे नक्की कोण?

परदेशी मिशनरी आणि गरीब घरची मुलं म्हटलं की चर्चा थेट धर्मांतरावर जाते. ठाणे-नवी मुंबईच्या वस्त्यांत रोजच्या कामाचं घोडं अडतं ते नोंदवहीतल्या 'अनाथ' या रकान्यावर.

घोळ जुना आहे. गोव्यासाठी १५५९ मध्ये निघालेल्या पोर्तुगीज राजाज्ञेत आई-वडील, आजी-आजोबा कुणीच नसलेली बिगरख्रिस्ती मुलं जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाच्या हवाली करायची होती. पुढे अंमलबजावणीत बाप मेला एवढंच पुरू लागलं, मग आई जिवंत का असेना. (ठाणंही १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होतं.) १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी मुलं सांभाळली, तेव्हा इंग्रजीत 'हाफ ऑर्फन' हा शब्द सर्रास चाले. अर्धा अनाथ! निदान त्यात प्रामाणिकपणा होता.

नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, शहर उभं राहू लागलं आणि तुर्भ्याच्या बाजूच्या दगडखाणींवर सोलापूर-मराठवाड्याकडची कुटुंबं आली. बाप खाणीत गेला, दारूत गेला किंवा नुसताच निघून गेला; आई मजुरीसाठी नाक्यावर उभी राहते आणि पोरं दिवसभर खडीच्या ढिगावर. अशा घरातलं मूल मिशनच्या वसतिगृहात येतं ते दोन वेळचं जेवण आणि शाळेसाठी. देणगीदाराला पाठवायच्या कार्डावर मात्र त्याच्या फोटोखाली 'अनाथ' लिहिलं जातं, कारण तिकडे पैसे त्या शब्दावर येतात. जागतिक आकडेवारीही याला हातभार लावते. युनिसेफच्या व्याख्येत एक पालक गेला तरी मूल अनाथ धरतात. २०१५ च्या अंदाजातल्या १४ कोटींपैकी दोन्ही पालक गमावलेली मुलं सुमारे १.५ कोटीच होती.

आपला कायदा वेगळं म्हणतो. बाल न्याय कायदा, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या कलम २(४२) नुसार अनाथ म्हणजे जन्मदाते, दत्तक पालक किंवा कायदेशीर पालक नसलेलं, अथवा कायदेशीर पालक सांभाळायला तयार वा समर्थ नसलेलं मूल. खाणीवरच्या बाईचं पोर यात सहसा बसत नाही. ते 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरू शकतं, पण ते ठरवायचं याच कायद्याखाली नेमलेल्या बालकल्याण समितीने. फादरनी नाही, परदेशातून आलेल्या मिशनरी जोडप्यानेही नाही.

इथेच वसतिगृह की बालगृह हा वाद येतो. अनेक मिशनांचं म्हणणं, आमच्याकडे मुलं पालकांच्या संमतीने शिकायला राहतात, हे हॉस्टेल आहे, बाल न्याय कायद्याखाली नोंदणी कशाला? कलम ४१ चे शब्द मात्र 'पूर्णतः किंवा अंशतः' असे आहेत: पन्नासातली चार मुलं जरी काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या गटातली असली तरी नोंदणी लागते, सरकारी अनुदान असो वा नसो. नोंदणी पाच वर्षांची. ती नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय उशिराचे दर ३० दिवस वेगळा गुन्हा. तमिळनाडूतल्या अनाथालयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशभरच्या नोंदण्या त्या वर्षअखेर पुऱ्या करायला सांगितल्या, तेव्हा हॉस्टेलची पाटी पुरेनाशी झाली.

व्यवहारात चुका ठरलेल्या. ठाणे स्टेशनवर एकटं सापडलेलं मूल 'आज राहू दे, सोमवारी बघू' म्हणून ठेवून घेतात. समितीपुढे २४ तासांत न्यायचं असतं, प्रवासाचा वेळ तेवढा वगळून. आईकडून स्टॅम्प पेपरवर 'मूल संस्थेला दिले' असं लिहून घेतात, अंगठाही घेतात; त्या कागदाने ताबा मिळत नाही. आणि ते फोटोचं कार्ड: कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंडाचं, किंवा दोन्हींचं, कारण ठरू शकतं. नाव बदललं पण मागे शाळेची पाटी दिसते, असंही होतं.

पैशाची वाट २९ सप्टेंबर २०२० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या दुरुस्तीने अरुंद झाली. आधी मोठी संस्था निधी घेऊन वस्तीतल्या छोट्या संस्थेला पुढे देऊ शके. ते बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. गृहभेटी देणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार त्यात धरायचा की नाही, यावर हिशेबनीस अजून डोकं खाजवतात. ही दुरुस्ती घाईची होती, असं आमचं मत आहे.

तरी मूळ प्रश्न आईचाच. घरीच राहणाऱ्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. महिन्याची रक्कम ४२५ वरून ११०० आणि मग २२५० रुपये झाली. हल्ली काही मिशनरी मूल आत घेण्याआधी आईचा हा अर्ज भरून देतात, आणि आम्हाला ते जास्त पटतं. अर्जाला उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक आणि घरासमोर पालकासोबत काढलेला मुलाचा फोटो लागतो. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला जोडता येतो. निघून गेला असेल तर तो गेल्याचा कागद कुठेच मिळत नाही, आधार गावच्या पत्त्याचं निघतं, आणि खाण बंद पडली की ज्या झोपडीसमोर फोटो काढला ती जागेवर नसते.