खुळखुळणारी गाडी पुढे का जाते?

भावजींनी अमेरिकेहून येताना ओजससाठी एक गाडी आणली. खोका उघडला आणि सवयीने मी ती कानाजवळ नेऊन हलवली. आतून खुळखुळ आवाज आला.

"मामा, हिचे तर नटबोल्ट ढिले आहेत," ओजस म्हणाला. मलाही तेच वाटलं. विमानात सामान कसं फेकतात ते आपल्याला माहीत आहेच. मी सोल्डरिंग आयर्न तापवली आणि जे जे हलत होतं ते सगळं पक्कं डागून टाकलं. आवाज बंद झाला. गाडी कशी भक्कम, एकजीव वाटायला लागली. इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या आमच्या गच्चीवरच्या खोलीतल्या ट्रॅकवर ती सोडली, तर पहिल्याच वळणावर उडून कपाटाखाली. परत लावली, परत कपाटाखाली. जी खुळखुळ मी मोड समजून दुरुस्त केली होती, त्याच खुळखुळीसाठी लोक पैसे मोजतात हे कळायला मला आठवडा लागला.

ही स्लॉट कार. म्हणजे विजेवर चालणारी, हातभरही नसलेली शर्यतीची गाडी. ट्रॅकमध्ये एक खाच असते, साधारण 3 मिलिमीटर रुंद आणि 6 मिलिमीटर खोल. गाडीच्या नाकाखाली एक पातं असतं, त्याला गाइड म्हणतात. ते त्या खाचेत फिरतं. गाइडच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या बारीक तारांच्या चपट्या वेण्या असतात. खाचेच्या कडेच्या धातूच्या पट्ट्यांवरून त्या घासत जातात आणि मोटरला वीज पोचवतात. हातातला कंट्रोलर फक्त व्होल्टेज कमीजास्त करतो. स्टिअरिंग नाही, ब्रेकचं पायडल नाही. वळणावर किती वेगाने जायचं एवढं एकच ठरवायचं. ऐकायला बालिश वाटतं. करून बघा.

खेळ जुना आहे. अमेरिकेतल्या लायोनेल या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या कंपनीने 1912 मध्येच ट्रॅकमधून वीज घेणाऱ्या मोटारी विकायला काढल्या होत्या, पण तीनचार वर्षांत तो प्रकार बंद पडला. पुढे ब्रिटनमध्ये साउथपोर्टच्या हौशी मॉडेलकारांनी 1954 च्या सुमारास विजेच्या मॉडेल मोटारींचा ट्रॅक बांधला. 1957 मध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी आपल्या चावीच्या गाड्यांना विजेची मोटर बसवून हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात 'स्केलेक्स्ट्रिक' आणलं आणि खेळ घराघरांत गेला. साठच्या दशकात अमेरिकेत त्याचं वेडच लागलं. आपल्याकडे बिलियर्डचे हॉल असत तसे तिथे स्लॉट रेसिंगचे हॉल निघाले, तासावर भाडं. दशक संपायच्या आत लाट ओसरली, बरेच हॉल बंद झाले. पण जे वेडे उरले त्यांनीच या गाडीच्या सांगाड्याचं, म्हणजे चासीचं, शास्त्र घडवलं.

सुरुवातीच्या चासी पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या, ताठ. घरी बसून पितळी नळ्या आणि पियानोची पोलादी तार सोल्डरने जोडणाऱ्या शर्यतवाल्यांच्या हळूहळू लक्षात आलं की काही ठिकाणी जोड मुद्दाम सैल ठेवला तर गाडी जास्त टिकून पळते. मग बिजागऱ्या आल्या, बाजूला झुलणाऱ्या पट्ट्या आल्या. मोटरसुद्धा हलली. आधी ती गाडीच्या लांबीत बसवत. तिने मागचा आस फिरवला की उलट धक्क्याने चासीला पीळ बसायचा आणि एक मागचं चाक हलकं व्हायचं. आस आणि मोटर समांतर ठेवून पाहिलं, पण मग दोन चाकांमधल्या बोळात मोठी मोटर मावेना. 1968 च्या सुमारास ती तिरपी बसवण्याची पद्धत रूढ झाली. गाड्यांचे आकारही बदलले. कॉक्स कंपनीच्या 1967 च्या एका चपट्या गाडीचं नावच 'ला कुकाराचा', म्हणजे झुरळ. खऱ्या मोटारीची नक्कल करायचा आव तिने आणलाच नाही, आणि ते मला आवडतं.

हातकाम सगळ्यांना जमत नाही. म्हणून पोलादी पत्र्यातून ठशाने कापलेली तयार, स्वस्त चासी बाजारात आली. ओहायोतल्या पार्मा कंपनीची 'फ्लेक्सी' त्यात इतकी चालली की त्या नावाचा शर्यतीचा वर्गच तयार झाला. आमच्या घरी आली ती याच घराण्यातली.

रचना साधी आहे. मधला कणा पोलादी पत्र्याचा. त्यावर मोटर, मागचा आस आणि पुढे गाइड. दोन्ही बाजूंना दोन पाती, शर्यतवाले त्यांना पॅन म्हणतात. ती कण्याला घट्ट जोडलेली नसतात. तारेच्या बिजागरीत किंचित वरखाली हलतात. खुळखुळ तिथली. वरचं प्लॅस्टिकचं पातळ कवच, म्हणजे दिसणारी 'गाडी', कण्याला नाही तर या पॅनला टाचण्यांनी टाचलेलं असतं. याचा अर्थ कवच आणि पॅन यांचं वजन एका घरात, चाकं आणि गाइड दुसऱ्या घरात, आणि दोघांत फक्त शेजारधर्म.

आता वळणावर काय होतं ते बघू. आमच्या ट्रॅकचं वळण 50 सेंटिमीटर त्रिज्येचं आहे. गाडी सेकंदाला 3 मीटरने गेली (ताशी 11 किलोमीटरसुद्धा नाही) तरी तिला आतल्या बाजूला 18 मीटर प्रतिसेकंदवर्ग इतकं त्वरण लागतं. पृथ्वीच्या ओढीच्या जवळजवळ 1.8 पट. काहीजण या वेगाला 24 ने गुणून 'खऱ्या मोटारीचा ताशी 260' असं सांगतात. ते विसरा. गाडी चोविसावा भाग केली म्हणून गुरुत्वाकर्षण चोविसावा भाग होत नाही.

ही गाडी उभी असते तीन पायांवर: दोन मागची चाकं आणि नाकाखालचं गाइड. पुढची चाकं बहुतेक शोभेची. तीन पायांची तिपाई डुगडुगत नाही, पण कडेला कलायला सोपी असते. गाडी उलटते ती गाइडपासून बाहेरच्या मागच्या चाकापर्यंतच्या तिरक्या रेषेवर. मागची चाकं 8 सेंटिमीटर अंतरावर आणि गुरुत्वमध्य मागच्या आसापासून गाइडपर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांश पुढे असेल, तर त्या रेषेपर्यंत उरतात 2.7 सेंटिमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून 1 सेंटिमीटर उंच असेल तर गाडी 2.7 पटीपर्यंत उलटत नाही. 2 सेंटिमीटर उंच असेल तर 1.35 पटीलाच कलंडते, म्हणजे आमच्या वळणावर नक्की. म्हणून सगळं वजन जमिनीलगत. पॅन जड आणि खाली, कवच कागदासारखं हलकं.

मग पॅन हलती कशाला? याची उत्तरं दोन, आणि दुसरं मला जास्त भावतं.

पहिलं असं. आमचा ट्रॅक एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुश्याच्या, दोन शीट जोडून केलेला आहे. पावसाळ्यात एक शीट फुगलं आणि जोडावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी झाली. चोविसाव्या भागाच्या गाडीला ती 12 मिलिमीटरची वाटते. खऱ्या मोटारीला स्प्रिंगा असतात, हिला नाहीत. कणा थोडा पिळवटला आणि पॅन जागच्या जागी सरकल्या तर चाकं जमीन सोडत नाहीत. गो-कार्टमध्ये हेच होतं: तिला सस्पेन्शन नसतं आणि मागचा आस अखंड, म्हणून वळणावर तिची चौकटच वाकून आतलं मागचं चाक उचलते. अखंड आसाची अडचण स्लॉट कारलाही आहे. अर्ध्या वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा 25 सेंटिमीटर जास्त चालतं, वळण केवढंही असो. दोन्ही चाकं एकाच आसावर, म्हणजे एक टायर घसरणारच.

आणि तिथून दुसरं उत्तर निघतं. टायर घसरतो, धरतो, परत घसरतो. ही धरसोड सेकंदात अनेकदा होते आणि ताठ गाडी टपटप उड्या मारायला लागते. माझी डागलेली गाडी नेमकी अशीच उडत होती. रबरी चेंडू जमिनीवर टाका, उसळतो. गव्हाची पिशवी टाका, 'धप्' करून बसते. दाणे एकमेकांवर घासतात आणि उसळी तिथेच जिरते. छर्रे भरलेली हातोडी असते, ती ठोकल्यावर मागे उसळत नाही, तिथेही हेच तत्त्व. कणा वर उडू पाहतो तेव्हा सैल पॅन क्षणभर उशिरा उठते, उलट येऊन आदळते, घासते. उडीची ताकद त्या खुळखुळीत खर्च होते.

अर्थात सैल म्हणजे वाटेल तेवढं सैल नाही. मी डाग काढले (सोल्डर ओढून घ्यायच्या तांब्याच्या जाळीने, तासभर बसून), तेव्हा एका पॅनची बिजागरीची तार वाकली. घरात सायकलचा आरा होता, तो बसवला. आरा 2 मिलिमीटरचा, मूळ तार 1.6 ची. फरक नखाएवढाही नाही. पण तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे आरा त्या तारेच्या जवळपास अडीचपट ताठ. वर तो भोकात चिकटूनही बसला. सियागंजच्या हार्डवेअरच्या गल्लीत तीन दुकानं फिरून बारीक पोलादी तार मिळाली, तेव्हा कुठे पॅन परत स्वतःच्या वजनाने खाली पडायला लागली. तीच कसोटी आहे: कण्याला धरून उलटीसुलटी केली की पॅन आपोआप पडली पाहिजे. ढकलावी लागली तर चुकलं.

किती पडावी? आमचं माप पत्त्यांचं. खेळायचा पत्ता साधारण 0.3 मिलिमीटर जाड असतो. पॅनला एक ते दीड पत्ता हालचाल, चासीच्या मागच्या पोटाखाली चारपाच पत्ते उंची. टायर घासून लहान होतात तशी ही उंची कमी होते. दर रविवारी बघावी लागते. गाइड इतकं खाली हवं की वेण्या पट्टीवर सपाट टेकतील, पण इतकंही नको की गाडी नाकावर उभी राहील.

या सगळ्याच्या आधी एक काम, आणि बहुतेक लोक तेच टाळतात: कण्यातला मूळचा पीळ काढणं. ठशातून निघालेला पत्रा सरळ दिसतो, असतोच असं नाही. त्यासाठी अगदी सपाट जागा लागते. आमच्या घरातली सर्वात सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. चाकं काढून कणा त्यावर ठेवायचा आणि एकेका कोपऱ्यावर बोट टेकवायचं. टक् आवाज आला की तो कोपरा हवेत आहे. आमचा डावा मागचा होता. बोटांनी हलकेच उलटा पीळ द्यायचा, परत टेकवायचा, परत ऐकायचं. ओजसचे कान माझ्यापेक्षा तिखट. दहाव्या खेपेला टक् थांबलं, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच वाकडा होतो.

एक गंमत सांगायची राहिली. ओजसकडे आधीपासून ट्रॅकसकट तयार मिळणाऱ्या संचातली एक छोटी गाडी होती. तिच्या स्वतःच्या ट्रॅकवर ती भिंतीला चिकटल्यासारखी पळे, कारण तिच्या पोटात चुंबक आहे आणि त्या ट्रॅकच्या पट्ट्या पोलादी. आमच्या पट्ट्या जेल रोडवरून आणलेल्या तांब्याच्या टेपच्या. तांब्याला चुंबक ओढत नाही. बिचारी पहिल्या वळणालाच गारद. चुंबक वाईट असतं असं नाही, पण ते चासीची पापं झाकतं. दुसऱ्या टोकाला मोठ्या हॉलमधल्या शर्यती: 155 फुटांच्या 'किंग' ट्रॅकवर पंखवाल्या गाड्या दीड सेकंदाच्या आसपास फेरी मारतात, म्हणजे खरोखरचा ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेग. तिथे हवाच गाडीला खाली दाबते. आमच्या गच्चीवर ना चुंबक ना हवा. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचे 12 व्होल्ट आणि पॅनची खुळखुळ, एवढंच.

आता वहीत नोंदी होतात. एका वेळी एकच बदल, दहा फेऱ्या, वेळ. कालचा बदल म्हणजे उजव्या पॅनवर शिशाचा दोन ग्रॅमचा तुकडा, आमची बहुतेक वळणं डावीकडची म्हणून ओजसची कल्पना. वजन आतल्या बाजूला हवं की बाहेरच्या, यावर आमचं जुंपलं. ती तिरकी रेषा कागदावर काढून दाखवली तेव्हा त्याने तुकडा निमूटपणे डाव्या पॅनवर हलवला. दरम्यान ओट्यावर सोल्डरचा एक थेंब पडलेला आईला दिसला. ओटा बंद झाला आहे. मी काचवाल्याला 12 मिलिमीटर जाडीचा तुकडा सांगून आलोय, शनिवारी मिळेल.