पार्श्वभूमी: एमव्हीसी आणि पॅटर्नची जोडणी

1994 च्या अखेरीस चार लेखकांच्या पुस्तकात 23 डिझाइन पॅटर्न (सॉफ्टवेअर रचताना वारंवार येणाऱ्या अडचणींवरची ठरीव उत्तरं) आले, पण त्यात एमव्हीसीला, म्हणजे माहिती (मॉडेल), तिचं पडद्यावरचं रूप (व्ह्यू) आणि वापरकर्त्याचं इनपुट हाताळणारा भाग (कंट्रोलर) वेगळे ठेवणाऱ्या रचनेला, स्वतंत्र जागा मिळाली नाही. पॅटर्न एकत्र वापरताना आजही जी ओढाताण होते, तिच्यामागे मला हा निर्णय दिसतो.

एमव्हीसी 1979 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन केंद्रात मांडला गेला आणि स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेत रुजला. पुस्तकाने पहिल्याच प्रकरणात त्याची फोड केली: मॉडेल बदललं की व्ह्यूंना कळवणारा ऑब्झर्व्हर, व्ह्यूमध्ये व्ह्यू बसवणारा कॉम्पोझिट, आणि इनपुटला काय प्रतिसाद द्यायचा हे कंट्रोलरवर सोपवणारा स्ट्रॅटेजी. इनपुट न घेणारा व्ह्यू हवा? इनपुटकडे दुर्लक्ष करणारा कंट्रोलर जोडा, झालं. शिकायला ही फोड फार चांगली आहे. पण तिच्यामुळे सुटे भाग डोळ्यांत भरले आणि सांधे मागे पडले. प्रत्यक्ष कोडमध्ये एकच व्ह्यू ऑब्झर्व्हर असतो, कॉम्पोझिटचा घटक असतो आणि स्ट्रॅटेजी बाळगणाराही तोच असतो. मॉडेल बदलल्याची खबर बाहेरच्या व्ह्यूने घेऊन आत पोचवायची, की आतल्या प्रत्येकाने स्वतंत्र नोंदणी करायची? दोन्ही केलं तर तोच भाग दोनदा रंगतो. आधी बाहेरचा रंगला पाहिजे की आतला, हेही कुणीतरी ठरवावं लागतं. हे प्रश्न पॅटर्न एकत्र आल्यावरच उभे राहतात. 1996 च्या दुसऱ्या एका पुस्तकाने एमव्हीसीला आर्किटेक्चरल पॅटर्न (संपूर्ण प्रणालीच्या रचनेचा पॅटर्न) म्हणून अखंड मांडलं, आणि ते योग्यच केलं.

1997 च्या सुमारास लिहिलेल्या जेयुनिट या जावा कोडच्या चाचण्या चालवणाऱ्या साधनात पॅटर्नची जोडणी किती दाट असू शकते ते दिसलं. त्यात टेस्टकेस हा क्लास कमांड (एखादं काम ऑब्जेक्टच्या रूपात बांधणारा पॅटर्न) आहे आणि कॉम्पोझिटचं पानही, म्हणजे ज्याच्या आत आणखी काही बसत नाही असा टोकाचा घटक; सेटअप (तयारी), टेस्ट, टेअरडाउन (आवराआवर) हा क्रम टेम्प्लेट मेथडने (पायऱ्यांचा क्रम पक्का करून तपशील उपक्लासवर सोडणाऱ्या पॅटर्नने) बांधलेला.

पुढे वेब आलं. ब्राउझरने मागितल्याशिवाय सर्व्हर पान पाठवत नाही, त्यामुळे 2004 च्या रेल्ससारख्या वेब फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात) एमव्हीसी हे नाव टिकलं, पण मॉडेल आणि व्ह्यू यांना जोडणारा ऑब्झर्व्हर गळाला. 2005 मध्ये नाव मिळालेल्या एमव्हीव्हीएमने (मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल या रचनेने) डेटा बाइंडिंगच्या (माहिती बदलली की पडदा आपोआप बदलणाऱ्या जोडणीच्या) रूपाने तो परत आणला.

2017 मध्ये जावा भाषेच्या 9 व्या आवृत्तीने ऑब्झर्व्हर पॅटर्नसाठीचा आपला जुना ऑब्झर्व्हेबल क्लास डेप्रिकेट केला, म्हणजे तो यापुढे वापरू नये असं जाहीर केलं. दिलेल्या कारणांपैकी एक: सूचना कोणत्या क्रमाने पोचतील हे ठरलेलं नाही.