माशाच्या आतड्याची चोखंदळ भिंत

कोकणातल्या खाड्यांमध्ये बोय तळाचा चिखल तोंडात घेऊन त्यातील सूक्ष्म शेवाळ आणि कुजके कण गिळते, आणि त्या प्रत्येक घासाबरोबर असंख्य जिवाणूही तिच्या पोटात जातात. मासा साफ करताना जाड, टणक जठर आणि शरीराच्या कित्येक पट लांबीच्या आतड्याचे वेटोळे हाती येते. या आतड्याचे अस्तर पेशींच्या केवळ एका थराचे असते. त्यावर चिकट स्रावाचे आवरण असते आणि शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. ही भिंत जिवंतपणी किती काम करते, हे उशिरा बाजारात आलेल्या तारलीच्या फुटलेल्या पोटावरून कळते, कारण मेल्यानंतर माशाचे स्वतःचे पाचकरसच ती विरघळवू लागतात.

मात्र ही भिंत पूर्ण बंद नसते, आणि मला यातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. आतड्याच्या मागच्या भागातील पेशी न पचलेली प्रथिने आणि जिवाणूंचे अंश द्रवाच्या थेंबांसह आत ओढून घेतात, पेशीकेंद्रकाच्या वर मोठ्या पोकळ्यांत साठवतात आणि त्यांतील काही भाग अस्तरातच वावरणाऱ्या, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या हवाली तपासणीसाठी करतात. कार्प माशांच्या आतड्यात प्रथिने सोडून केलेल्या प्रयोगांत हा प्रवास सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. सस्तन प्राण्यांच्या आतड्यात अशा तपासणीसाठी लसीका पेशींचे, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, खास पुंजके असतात. माशांमध्ये ते नसतात, लसीका ग्रंथीही नसतात, त्यामुळे प्रतिकारपेशी भिंतीभर विखुरलेल्या असतात आणि पुढची जबाबदारी प्लीहा व वृक्काचा (मूत्रपिंडाचा) पुढचा भाग यांच्यावर येते.

ट्राउट माशांत 2005 मध्ये आयजीटी हे प्रतिपिंड, म्हणजे जंतूंना चिकटून त्यांना रोखणारे प्रथिन, सापडले आणि आतड्यातील बचावात त्याचाच पुढाकार असतो, असे 2010 मध्ये दिसून आले. हे प्रतिपिंड आतड्यातील जिवाणूंना वेढून टाकते; आपल्या आतड्यात हेच काम आयजीए हे प्रतिपिंड करते, जे माशांकडे नाही.

जिताड्यासारख्या शेतीच्या माशाला खाद्यातून लस देण्याची आशा आतड्याच्या याच मागच्या भागावर टेकलेली आहे, कारण तळ्यातील प्रत्येक माशाला पकडून टोचणे कष्टाचे असते. पण जिताड्याच्या जठरातील आम्ल लशीतील प्रथिने वाटेतच मोडते, म्हणून तिला संरक्षक वेष्टन द्यावे लागते. जठरच नसलेल्या कार्पच्या वाटेत हा अडथळा येत नाही, तरीही मात्रा जपूनच ठरवावी लागते, कारण तोंडावाटे वारंवार आलेल्या प्रथिनाला शरीर सरावले, तर प्रतिकार वाढण्याऐवजी थंडावू शकतो.